ज्याच्या हातात घावली त्याची

सोमवार, १९ मे
सोलापूर

दादा,

शाळेत पत्राच्या वर 'तीर्थरूप' लिवायला शिकवलेलं, पर तू काय तितका म्हातारा न्हाईस. हितल्या मॅडमनी कागद दिला आन म्हणल्या, घरी लिही. आईला वाचता येत न्हाय, आबाला येत न्हाय, म्हणून तुला लिवती. पत्र मॅडम वाचूनच भाईर सोडत्यात.

मी बरी हाय. ह्याला मुलींचं निरीक्षणगृह म्हणत्यात. केसचा निकाल लागंस्तवर अठराच्या आतल्या पोरी हितं ठेवत्यात. जेवाय येळेवर मिळतं. सैपाकाला बजाबाई म्हणून मावशी हायत, त्या माज्यासंगं बोलत्यात, मी बोलत न्हाय तरीबी. पहिल्या दिवशी माज्या हाताची हळद बघून म्हणल्या, "अगं बया, लगीन सोडून आलीस व्हय?" मी मान हलवली. "तुजं?" मी न्हाय म्हणून मान हलवली. "मग पिवळी कशानं झालीस, कावीळ झाली का?" करवलीची हळद हाय, एवढं सांगाय मला तिसरा दिवस उजाडला.

तुजं लगीन लागलं का? मला कुणी सांगितलं न्हाय. पोलीस ठाण्यात बसले हुते तवा लांबनं मंगलाष्टका ऐकू आल्या. सात रस्त्याच्या त्या अंगाला लई कार्यालयं हायत, कुणाच्या हुत्या काय म्हाईत. मी आपल्या तुज्याच धरल्या. अक्षता टाकल्यागत हात केला तर बाई पोलीस म्हणली, "ए, काय फेकलंस?" हात उघडून दाखवला. काय न्हवतं.

साहेबांनी इचारलं तवा मी सगळं सांगितलं. तलवार माजी. रानात शेळ्यांमागं असताना एका फिरत्या माणसाकडनं घेतली. घरात कुणाला ठाव न्हाय. माज्या भावाला तर न्हाईच न्हाय. सांगितलं म्हंजी साहेबच बोलत हुते, मी नुस्तं व्हय व्हय करत हुते. तुला ठाव हाय, चारचौघात माजी वाचा बसती. दुसरीत गुरुजी धडा वाचाय उभं करायचे तवा तू वरच्या वर्गातनं पळत येऊन म्हणायचास, "गुरुजी, हिचं मी वाचतो." आता बी येऊन वाच की माजं.

तुजं पोलीस भरतीचं काय झालं? ग्राउंड निघालं, लेखी निघाली, आता नुस्ती पडताळणी ऱ्हायली म्हणत हुतास.   

लिंबाचं काय झालं? कुणी उचललं का? पायाखाली गेलं असल तर बिरुबाच्या देवळात नारळ फोड. इसरू नको.

ऋतुजा


२८ मे

दादा,

हे पत्र हितनं सुटून चाललेल्या एका पोरीच्या हातनं देती. ही माढ्याची हाय, पोस्टात टाकते म्हणली. हे मॅडमनी वाचलेलं न्हाय, म्हणून सगळं लिवती. म्होरली बी अशीच कुणाच्यातरी हातनं धाडीन.

तू देवळात हुतास, भाईर काय झालं ते तुला दिसलं न्हाय. म्हणून सांगती.

मारुतीच्या देवळापशी तू घोड्यावरनं उतरलास. तवर तुज्या हातात आपल्या गावची कट्यार हुती, लगीनघरं फिरून फिरून मूठ झिजलेली, वीतभराची. मग तुज्या त्या दोस्तानं, नंदीशनं, जीपमधनं तलवार आणली. "भारतशेट, ह्या भाजी कापायच्या सुरीवर फोटो काढतो व्हय लका? राजा दिसाय पायजे, राजा." तू कट्यार कमरंला खोवलीस आन मला म्हणलास, "रुते, लिंबू हिला लाव." मी कट्यारीचं लिंबू काढून तलवारीच्या टोकाला टोचलं. तुजं दोनचार फोटो झालं. मग तू तलवार माज्या हातात दिलीस आन हात जोडाय आत गेलास.

आता ज्या पात्याला लिंबू ते नवऱ्याचं पातं. हळद उतरस्तवर ते भुईला लागाय न्हाय पायजे. लागलं तर नवऱ्याच्या जिवाला घोर. नवऱ्याला हात जोडायचं असलं, जेवायचं असलं, मुताय जायाचं असलं तर करवलीनं धरायचं. त्यासाठीच करवली असती, न्हायतर नुस्त्या साडीला कोण इचारतंय. हे मला आईनं हळदीदिवशीच चारचारदा सांगितलेलं.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. कुणीतरी डीजेची तक्रार केलती म्हणं. साहेबांनी डीजे बंद करायला लावला आन त्यांना मी दिसले. ते म्हणले, "हत्यारबंदीचा हुकूम आहे शहरात. कुणाची आहे ही?" एवढी वरात, कोण बोललं न्हाय. आत्ताच नाचत हुते सगळे. बाई पोलीस म्होरं आल्या. "पोरी, खाली ठेव ती." मी ठेवली न्हाय. "खाली ठेव म्हणतेय ना." मी दोनी हातांनी मूठ छातीशी धरली. तिसऱ्यांदा म्हणल्या, "ठेव." मला बोलाय आलं असतं तर बोलले असते.  त्यांनी पातं धरलं, मी वढलं. तलवारीला धार हाय हे मला ठाव न्हवतं, खरं सांगती. बिरुबाची आन.

त्यांची बोटं कापली. त्या वरडल्या न्हाईत, नुस्तं "अगं" म्हणल्या.

मी लिंबाकडं बघत हुते.

मॅडम म्हणत्यात, कलमं दोन लागल्यात. एक आर्म ॲक्टचं, हत्यार बाळगलं म्हणून. दुसरं पोलिसाला मारलं म्हणून. आईनं ठाण्यात कानात सांगितलं, ह्याच्यावर केस पडली तर नोकरी बी गेली आन पोरीकडच्यांनी पोरगी बी न्हेली, म्हणून मी तलवार माजी म्हणले. कट्यार तुज्या कमरंला हुतीच की, आई म्हणली, मला गाडीत घातल्यावर ती साहेबांनी बघितली बी. म्हणले, "ही राहू दे, वीतभराची आहे, देवधर्माची." नऊ इंचाच्या आतलं चालतं म्हणं. लिंबू कट्यारीलाच ठेवलं असतं तर मी आत्ता घरी असते.

बाल न्याय मंडळ म्हणून पोरांचं कोर्ट असतंय, त्या मंडळानं मला जामीन दिलाय. आईबापानं येऊन सही करायची आन मला न्यायचं, एवढंच. सोमवारी या. आबाला यायला जमत नसलं तर तू ये. मोठा भाऊ बी चालतो.

रुतू


१५ जून

दादा,

सोमवार गेला. दुसरा बी गेला. काल आई आलती. तू पाठवलंस म्हणली. 

मी पिशवी भरून ठेवलीवती. आईनं पिशवीकडं बघितलं आन म्हणली, "ती ठेव खाली." मग बराच येळ वहिनीच्या म्हायेरनं काय काय आलं तेच सांगत बसली. फ्रीज लई मोठा हाय, दार उघडलं की उजेड पडतो, आबा सारखा उघडून बघतो. मी म्हणले, आई, कागदावर सही करायची हाय. एवढं बोलाय माजा जीव गेला. 

मग आई जे बोलली ते तुज्यापतूर आलं असलंच. तूच सांगाय लावलंस का तिच्या मनचं हाय, मला कळाय पायजे, म्हणून हितं लिवती.

म्हणली, "तुजं काय जातंय गं? शिकतीयास का तू? न्हाय. नोकरी जातीया का? न्हाय. लगीन मोडतंय का कुणाचं? मग? वकील म्हणला अठराच्या आतलीला जेल न्हाय, कायच न्हाय, नावाचा कागद बी पुढं ऱ्हात न्हाय. आन त्याचं बघ. त्याचं सगळं जातंय."

मी म्हणले, मला घरी न्ह्या, केस माज्याच नावावर ऱ्हाऊ द्या.

"घरी? पडताळणीला पोलीस घरी येणार हायत. दारात तूच दिसलीस, ही कोण म्हणून इचारलं, तर काय सांगू? गावात सांगितलंय, रुतू मावशीकडं माढ्याला गेलीया." आन मग काय म्हणली ठाव हाय? "तुला हितं दोन टायम आयतं मिळतंय. तिकडं शेळ्यांमागं मला पळाय लागतंय ह्या वयात. तुजी सून पलंगावरनं उतरना. तू बरी सुटलीस."

तुजी सून म्हणली मला. जिभंवर दुसरंच आलं आन दुसरंच बोलली असंल. मी हसले. आई बी हसली. मग पदर त्वांडाला लावून रडली. मग उठून गेली. एस्टी चुकंल म्हणून.

आज बजाबाई सांगत हुत्या, परवा गेटाभाईर एक म्हातारा बसला हुता, खांद्यावर घोंगडं टाकून. दुपारपतूर बसला. वॉचमननं इचारलं, कुणाला भेटायचंय? तर उठून गेला. 

ते आबाच हुते ना? त्यांना कुणी पाठवलं न्हवतं ना?

तू एक ओळ लिव. पत्ता म्हाईत हाय तुला. येत न्हाय म्हणून लिवलंस तरी चालंल.

रुतू


३० जुलै

दादा,

परवा मी तुजा उपवास धरला. नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा, भावाचा. बजाबाईंनी माज्यासाठी वरई केलती. एक पोरगी म्हणली, "भाऊ घ्यायला येत न्हाय तिचा उपवास कशाला?" तिला भाऊच न्हाय, तिला काय कळतंय, म्हणून मी गप बसले.

आज मंडळाची तारीख हुती. तुमी कोण आला न्हाईत. मी भाईर बाकावर बसले हुते तर शेजारी साध्या साडीतली एक बाई येऊन बसली. मी वळखलंच न्हाय. मग तिचा हात बघितला. त्या दिवशीच्या बाई पोलीस.

श्रीदेवी मॅडम. त्यांची दोन बोटं वाकत न्हाईत. सरळच ऱ्हात्यात, शाळेत संडासला लागली म्हणून वर करतो तसली. म्हणल्या, "मुलीची वेणी घालता येत नाही मला. नवरा घालतो, वाकडी." मग म्हणल्या, "मला एकच सांग गं. तीनदा सांगितलं तुला. का नाही ठेवलीस खाली?"

दादा, त्या रागानं इचारत न्हवत्या. नुस्तं इचारत हुत्या. मी म्हणले, "लिंबू हुतं."

"काय?"

"टोकाला लिंबू हुतं. नवऱ्याचं. ते खाली ठेवत न्हाईत."

त्या म्हणल्या, "यव्वा! आमच्यात पण ठेवत नाहीत. माझ्या भावाच्या लग्नात अक्कलकोटात दिवसभर मीच धरून बसले होते. हात आखडला होता माझा." मग म्हणल्या, "मग सांगायचंस की, बाळ. मी धरली असती."

तेवढं ऐकलं आन तितनं उठून पळावं वाटलं. एक शब्द बोलाय पायजे हुता. त्यांनी धरली असती. त्यांची बोटं ऱ्हायली असती, मी घरी असते.

मग त्यांनी इचारलं, "नवरा कोण होता?" मी बोलले न्हाय. "करवली म्हणजे बहीणच ना गं? मग तलवार नवऱ्याची. नवरा तेव्हा कुठं होता?" मी म्हणले, देवळात. हात जोडत.

हे मी तुज्यासाठी बोलले. खरं मला ठाव हाय. आरडावरडा झाला तवा तू भाईर आलतास. दगडी खांबाआड उभा हुतास. मुंडावळ्या वाऱ्यानं हलत हुत्या, त्या खांबाभाईर दिसत हुत्या. मला गाडीत घातलं तवर तू तितंच हुतास.

मे म्हैन्यातल्या पत्रात लिवलेलं की तुला दिसलं न्हाय. ते मी तुला बोलाय सोपं जावं म्हणून लिवलेलं. तू बोलला न्हाईस.

श्रीदेवी मॅडम म्हणल्या, त्या परत जबाब देणार हायत. मी नको म्हणले न्हाय. व्हय बी म्हणले न्हाय.

ऋतुजा


११ ऑगस्ट

दादा,

आलास. राखीला आलास. 

मी लोकरीचा धागा वळून ठेवलावता, बजाबाईंच्या जुन्या स्वेटरचा. तो बांधला. तू शेंगापोळी आणलीवतीस. तुज्या बुटाला पालिश हुतं, केस बारीक केलंवतं. पोलिसच दिसत हुतास. मी काय बोलले न्हाय, तू गेल्यावर सगळं आठवलं. म्हणून आता लिवती.

तू म्हणलास, "काय रुतडे, जाड झालीस की! हितलं मानवलं तुला." मी हसले. मग म्हणलास, "त्या बाईनं माजं नाव घेतलंय जबाबात. तू काय बोललीस तिला?"

मी म्हणले, लिंबू हुतं म्हणले.

तुजं त्वांड बघण्यासारकं झालं. म्हणलास, "लिंबू! त्या लिंबापायी माजी भरती घालवतीस व्हय, भवाने?" मग लगीच आवाज गोड केलास. "हे बघ बाय. अठरा तारखेला मंडळापुढं सांगायचं, मॅडम खोटं बोलत्यात, मी असं काय बोललेच न्हाय. एवढं सांगितलंस की तितनंच तुला गाडीत घालून घरी न्हेतो. वहिनी वाट बघतीया. खोटं वाटत असलं तर नंदीशला इचार, भाईर उभा हाय." 

नंदीशला कशाला इचारू? तू सांगितलंस तर मी ऐकलं असतंच. मी व्हय म्हणाय त्वांड उघडलं बी हुतं. पर मला एक इचारायचं हुतं, ते तवापासनं आत साचून ऱ्हायलेलं. मी म्हणले, दादा, तलवार शेवटी पडली. लिंबू बी पडलं. तुला काय झालं न्हाय ना? आजार-बिजार, गाडी घसरली, काय?

तू हसलास. लई हसलास. म्हणलास, "अगं येडे, सांगोल्यापासनं ती तलवार जीपमधे पायाखालीच हुती. आमी चौघं तिच्यावर पाय ठेवून आलो. नंदीश तर पंढरपूर रोडला तिच्यावरच मावा थुकला, मग सोलापुरात नळावर धुतली. तू काय देवाची समजून धरलीवतीस काय?"

मी म्हणले, पर लिंबू मी मागनं लावलं हुतं. 

"मग? लिंबानं काय व्हतंय? आईची खुळं ती. मला म्हाईत असतं तू त्यापायी धरून बसलीस, तर तितंच वरडलो असतो, टाक म्हणून."

वरडलो असतो म्हणलास. म्हंजी तू बघत हुतास. तुज्या ध्यानात आलं न्हाय तू काय बोलून गेलास. माज्या आलं.

दादा, तू एकदा 'टाक' म्हणला असतास तर मी टाकली असती. श्रीदेवी मॅडम तीनदा म्हणल्या, पर त्या बाहेरच्या. तू म्हणायचं हुतंस. एक शब्द मी बोलले न्हाय, माजं त्वांडच तसलं हाय. तुजं त्वांड तर लई चालतं.

तू जाताना माज्या डोसक्यावर टपली मारलीस. "अठराला. इसरू नको. आन लाजत बसू नको, मोठ्यानं बोल." 

बरं. मोठ्यानं बोलीन.

ऋतुजा


८ सप्टेंबर

संस्कृती वहिनी,

दादाला लिवलेली पत्रं तो वाचतो का चुलीत घालतो, ठाव न्हाय. म्हणून तुमास्नी लिवती. तुमी बारावी झालाय, तुमी वाचाल. तुमी मला एकदाच बघितलंय, हळदीला. मी तुमच्यासंगं बोलले न्हवते, तवा तुमी मैत्रिणीला म्हणलेल्या, "नणंद मुकी आहे वाटतं, बरंय." मला ऐकू आलतं. राग न्हाय.

अठरा तारखेला काय झालं ते तुमास्नी घरात येगळं सांगितलं असंल.

मंडळाच्या मोठ्या मॅडमनी मला इचारलं, "बाळ, तुझा भाऊ म्हणतोय की श्रीदेवी मॅडमना तू काही सांगितलं नाहीस. खरंय का?" दादा दाराशी उभा हुता, इस्त्रीचा शर्ट घालून. मला हळूच मान हलवून दाखवली. मी म्हणले, "सांगितलं. तलवार माज्या भावाची हाय." मोठ्यानं म्हणले. कोपऱ्यात लिवत बसलेला माणूस बी वर बघाय लागला.

मग थांबताच येईना. लिंबाचं सांगितलं, खांबाचं सांगितलं, नंदीशचं सांगितलं. दादा वरडला, "मॅडम, खुळी हाय ती! दुसरीपासनं खुळी हाय, शाळेत इचारा!" तवा मी आणिक एक सांगितलं. ते कुणी इचारलंच न्हवतं. नंदीशनं एक न्हाय, दोन तलवारी आणलेल्या. दुसरी कोकरांच्या खोपटात लोकरीच्या ढिगाखाली हाय. दादा तिच्यानं भोपळं कापायचा आन मोबाईलवर व्हिडिओ काढायचा.

मला सांगाय नको हुतं असं न्हाय. सांगायचंच हुतं. त्याला घेऊन जाताना बघायचं हुतं मला. हितं परत आले आन लई भूक लागली, दोन भाकरी जादा मागून खाल्ल्या. बजाबाई म्हणल्या, "आज काय झालं गं तुला?" मी त्यांना सगळं सांगितलं, खाता खाता.

पुढचं श्रीदेवी मॅडमनी येऊन सांगितलं.

पोलीस त्याच दिवशी गावाला गेलं. तलवार मी सांगितली तितंच घावली. साहेबांनी इचारलं, "कुणाची?" दादा नुकताच पोचलावता, अंगणात मोटरसायकल पुसत हुता. पुसतच ऱ्हायला, म्हणं. आई नुस्ती आबाकडं बघत ऱ्हायली. तुमी दारात हुता. तुमी बघितलंच असंल, मला इचारायचं हुतं, आई किती येळ बघत हुती?

आबा म्हणलं, "खोपाट माजं, लोकर माजी. तलवार बी माजीच."

साहेबांनी एकदा परत इचारलं, म्हणं. आबा म्हणलं, लांडग्यासाठी ठेवली. तलवारीनं कुणी लांडगं मारतं का, वहिनी? आबानं जलमभर काठीवर मेंढरं राखली. 

श्रीदेवी मॅडम म्हणल्या, "माहिती आहे गं सगळ्यांना. पण कागदावर, ज्याच्या ताब्यात सापडली त्याची." माज्या सांगण्याचा कागद केलाय, चौकशी चालू हाय म्हणत्यात. नंदीश म्हणतो, न्हाय. घोडेवाला म्हणतो, न्हाय. तुमचं वडील म्हणत्यात, जावयाच्या हातात कट्यारच हुती, वीतभराची. ते खरं बी हाय. तुमी काय म्हणलात ते मला कुणी सांगितलं न्हाय.

आबाला जेलात घातलंय. तेबी सोलापुरातच हाय. आबा अठराच्या आतलं न्हाईत, त्यांना हितल्यागत दूध आन चटई कोण देणार न्हाय. आईनं निरोप धाडला, "बापाला गिळलंस, आता पोट भरलं का?" 

व्हय, मी गिळलं. मला दादाला गिळायचं हुतं, आबा म्होरं आलं. ह्याचं मी रोज काय करती ते तुमास्नी सांगत न्हाय.

दादाची पडताळणी साफ आली म्हणं. त्याच्या हातात कायच घावलं न्हाय. पुढच्या म्हैन्यात ट्रेनिंगला चाललाय, गावात पेढं वाटलं. वर्सभरानं कुटंतरी नाक्यावर उभा ऱ्हाईल आन लोकांच्या पिशव्या तपासंल. 

तुमी ह्या पत्राचं काय करायचं ते करा. त्याला दाखवलं तर तो म्हणंल, बघ, म्हणलं न्हवतं खुळी हाय. आन तुमच्यासंगं लई गोड बोलंल. दादा गोड बोलाय लागला की माणसाला काय बी धरावं वाटतं. मला वाटलं. आबालाबी वाटलं असंल, त्यांना तर तो बोलला बी न्हाय.

पर वहिनी, घर मोजून बघा एकदा, त्याचं धरायला कोण ऱ्हायलंय. मी हितं हाय. आबा तितं हायत. आई त्याच्यासाठी कुणाकडं बी बघंल, पर तिच्याकडं कोण बघणार न्हाय, ती भाकरी करती.

ऱ्हायलात तुमी.

ऋतुजा